नेम

पाळक म्हणाले, रोज पंधरा मिनिटं. फक्त पंधरा.
मावुएनानं मान हलवली,
गिऱ्हाइकानं सांगितलेल्या भावाला हलवते तशी :
हो नाही, आणि नाहीही नाही.

केटाच्या चिंचोळ्या पट्टीवर
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण,
मधून रस्ता, रस्त्याकडेला तिच्या तीन भट्ट्या,
मातीच्या, गोल, दिवस भरलेल्या बायांसारख्या.
समुद्रानं तिच्या आईचं घर गिळलं,
मग जुनं प्रार्थनामंदिर, घंटेसकट.
भरतीला ती अजून वाजते म्हणतात.
मावुएनाला कधी ऐकू आली नाही.
तिला गजराचं घड्याळ लागतं.

पहिल्या दिवशी चारला उठली,
माशांची पाटी उलटी घालून तिच्यावर बसली,
काळ्या कव्हराचं पुस्तक उघडलं. पानांना धुराचा वास.
निघाली नेमकी वंशावळ,
ह्याला तो झाला, त्याला तो झाला,
सहाव्या बाळंतपणाला तिचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी नावं ओलांडून गेली.
तिसऱ्या दिवशी होड्या लवकर आल्या.
चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशीही
होड्या लवकर आल्या, असं तिनं देवाला सांगितलं.
होड्या तेव्हा पार क्षितिजाशी होत्या,
कंदील लुकलुकत.
देवालाही दिसत असणार.

सातव्या दिवशी बसली, डोळे मिटले,
तर समोर देव नाही, एसिनाम!
शेजारची, चाळीस सेडी बुडवणारी,
वर नवा लुगडा-कपडा घालून उपासनेला पहिल्या बाकावर.
मावुएना म्हणाली, प्रभो, हिचं भलं कर,
आणि थांबली.
मग म्हणाली, पण आधी माझे पैसे.
आमेन म्हणायचं राहूनच गेलं.

वहीतल्या तारखा तिथं संपतात.
पुढं मीठ किती, लाकूड किती, उधारी किती.

पुढच्या महिन्यातली गोष्ट.
नारळाच्या सोडणांना काडी लावली
की आधी धूर पांढरा येतो, कडू, डोळे फोडणारा.
त्यात मासा मांडायचा नसतो.
तो पिवळसर होईतो थांबायचं.
तेवढ्या वेळात काही करता येत नाही,
ना काम, ना झोप,
त्या वेळेची मजुरीही कुणी धरत नाही.
तीस वर्षं ती तेवढा वेळ भट्टीकडे बघत उभी होती.
एका पहाटे, का कोण जाणे,
तोंडातून लहानपणीचं स्तोत्र आलं,
अर्धं. उरलेलं आठवेना.
धूर पिवळा झाला. तिनं मासे मांडले.
दुसऱ्या दिवशी उरलेलं शोधायला पुस्तक आणलं.

एवढंच. पाळकांना तिनं सांगितलं नाही.

मग ताप आला, आठ दिवस भट्ट्या थंड.
नातू एलोम अंगणात
नारळाला दगड मारत होता,
नेम चुकायचा, दगड खाजणात पडायचा, डुबुक.
ती खाटेवरून मोजत होती.
अकरा चुकले.
पोरगं काही वहीत लिहीत नव्हतं,
बारावा दगड चाचपत होतं, बस.

नवव्या दिवशी पाय लटपटत होते,
तरी तिनं काडी लावली.
पांढऱ्या धुरात पाटी उलटी घातली,
वंशावळीपाशीच खूण होती, तिथूनच सुरू केलं,
ह्याला तो झाला, त्याला तो झाला,
सहाव्याला जागी, दहाव्याला जागी,
शेवटी आपल्या आईचं नाव घातलं,
आईच्या आईचं, मग एलोमचं.

कुंपणाशी एसिनाम उभी होती,
हातात फुटकं मडकं, विस्तव मागायला आलेली.
आमेन होईतो बोलली नाही.
मावुएनानं दोन निखारे घातले,
मग, जरा थांबून, तिसरा.

चाळीस सेडी अजून आलेले नाहीत.
पहाटे मात्र एसिनाम येते,
कधी विस्तव घरी असला तरी.